गाइडबुक हाताशी घेऊन परदेशात रोड ट्रिप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परदेशात स्वतः गाडी चालवत डोंगरातले, समुद्राकाठचे रस्ते फिरायचं ठरलं की पहिल्यांदा विमानाची तिकिटं काढली जातात, मग गाडी, मग हॉटेलं. गाइडबुक येतं सगळ्यात शेवटी, तेही विमानतळावर चाळायला म्हणून. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. तो का, ते पुढच्या उत्तरांतून कळेल.

फोनमध्ये नकाशा आहे, मग छापील पुस्तकाचं ओझं कशाला?

नकाशाच्या ॲपला एकच ध्यास असतो, लवकरात लवकर पोचवायचं. नॉर्वेमध्ये आउरलांडहून लेर्डालला जायचं आहे असं त्याला सांगा. ते तुम्हाला थेट लेर्डालच्या बोगद्यात घालेल. २४.५ किलोमीटर लांबीचा, २००० साली खुला झालेला हा जगातला सर्वांत लांब रस्ते बोगदा. चालवणाऱ्याला डुलकी लागू नये म्हणून आत तीन ठिकाणी गुहेसारख्या प्रशस्त जागा कोरून निळे दिवे लावलेत. एकदा बघायला मजा येते. पण तुम्ही एवढ्या लांब आलात ते फ्योर्ड, म्हणजे उंच कड्यांमध्ये आत घुसलेली समुद्राची चिंचोळी खाडी, बघायला, आणि वीस मिनिटांनी बाहेर पडाल तेव्हा तुम्ही फक्त खडक बघितलेला असेल.

याच बोगद्याच्या डोक्यावरून जुना घाटरस्ता जातो, आउरलांड्सफ्येलेट. ४७ किलोमीटरचा, १३०६ मीटरपर्यंत चढणारा. उन्हाळा सुरू झाला तरी कडेला बर्फाचे ढीग असतात, म्हणून त्याला बर्फाचा रस्ताच म्हणतात. वाटेत स्टेगास्टाइनचा लाकडी सज्जा लागतो. तो कड्यावरून ३० मीटर बाहेर झेपावतो आणि खाली साडेसहाशे मीटरवर फ्योर्डचं पाणी दिसतं. ॲप हा रस्ता आपणहून सुचवत नाही, कारण त्याच्या हिशेबात तो तासभर उशिराचा असतो. गाइडबुकात मात्र बोगदा एका ओळीत उरकलेला असतो आणि घाटाला अख्खं पान दिलेलं असतं.

स्वित्झर्लंडमध्ये गोटहार्ड खिंडीतही हाच प्रकार. १९८० मध्ये बोगदा झाला आणि त्रेमोलाचा दगडी फरसबंदीचा जुना नागमोडी घाट हौशी लोकांपुरता उरला.

म्हणून मी कामं वाटून देते. कुठून जायचं ते पुस्तकाला विचारायचं. आज तो रस्ता उघडा आहे का आणि पुढचं वळण डावीकडे की उजवीकडे, हे फोनला.

एकाच देशाची पाच-सहा पुस्तकं दिसतात. कोणतं घ्यावं?

दुकानात उभ्या उभ्या एक परीक्षा घ्या. तुम्हाला ज्या एका रस्त्याचं नाव आधीपासून माहीत आहे त्याचं पान उघडा आणि पाच गोष्टी शोधा: रस्ता नेमका कुठे सुरू होऊन कुठे संपतो, कोणत्या दिशेनं जावं, थांबे धरून किती वेळ लागतो, वर्षातून कधी बंद असतो आणि पेट्रोल कुठे मिळतं. यातल्या तीन गोष्टी सापडल्या तरी पुस्तक गाडीवाल्यांसाठी लिहिलेलं आहे असं समजा. नुसतेच फोटो आणि ‘नयनरम्य’, ‘अविस्मरणीय’ असले शब्द दिसले तर ते पुस्तक टीपॉयवर शोभेल, डॅशबोर्डवर नाही.

अख्ख्या देशाचं जाडजूड पुस्तक शहरं आणि संग्रहालयांवर पानं खर्च करतं. आठवडाभराचीच सहल असेल तर एका प्रदेशाचं पातळ पुस्तक जास्त उपयोगी पडतं.

पुस्तकातल्या चांदण्या किती मनावर घ्यायच्या?

टायर बनवणाऱ्या मिशेलिन कंपनीनं १९०० साली वाहनचालकांसाठी मार्गदर्शिका काढली. लोक फिरले तर टायर झिजणार, झिजले तर विकले जाणार. पुढे त्यांच्या चांदण्यांना जो अर्थ आला तो फार कामाचा आहे: तीन म्हणजे मुद्दाम तिथवर प्रवास करून जावं, दोन म्हणजे वाट वाकडी करावी, एक म्हणजे वाटेत असेल तर थांबावं. तुमच्या पुस्तकात चांदण्या असोत की दुसऱ्या खुणा, त्यांचं हे भाषांतर मनात करून घ्या. दोन चांदण्यांच्या जागेसाठी दोनशे किलोमीटर उलटं जाणारे लोक मी पाहिलेत. त्यांतली एक मीच.

त्याच कंपनीच्या नकाशांवर निसर्गरम्य रस्त्याच्या कडेनं हिरवी रेघ असते. सहलीची पहिली आखणी करताना नुसत्या हिरव्या रेघा जोडत गेलात तरी अर्धं काम होतं.

आमच्याकडे जुनी आवृत्ती आहे. चालेल का?

काही बाबतीत उत्तम चालेल, काही बाबतीत पार फसवेल. पुस्तक छापून दुकानात येईपर्यंत त्यातली माहिती गोळा करून बराच काळ लोटलेला असतो, म्हणजे ‘नवी’ आवृत्तीही थोडी शिळीच असते. म्हणून मी पेन्सिलीनं प्रत्येक ओळीची वाटणी करते. दरी कुठे उघडते, धबधबा रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे, कोणत्या खिंडीतून शिखर दिसतं, हे वीस वर्षांनीही तेच राहणार. त्याला खूण. टोल, फेरीचं वेळापत्रक, कॅफे, रस्त्याची अवस्था यांना प्रश्नचिन्ह. निघायच्या आठवड्यात फक्त प्रश्नचिन्हं तपासायची.

ही नुसती काळजी नाही. कॅलिफोर्नियातल्या बिग सरच्या किनाऱ्यावर मे २०१७ मध्ये डोंगराचा केवढा तरी भाग कोसळून हायवे १ गाडला गेला. तो पुन्हा सुरू व्हायला जुलै २०१८ उजाडलं. नॉर्वेचा ट्रोलस्टिगन, ११ हेअरपिन वळणांचा १९३६ सालचा घाट, २०२४ च्या उन्हाळ्यात दगड कोसळण्याच्या धोक्यामुळे बंद केला गेला. दोन्ही रस्ते त्या त्या वर्षीच्या सगळ्या पुस्तकांत दिमाखात उघडे होते. त्या देशाच्या रस्ते विभागाची वेबसाइट कोणती, ते बहुतेक पुस्तकांत मागच्या पानांत बारीक अक्षरात दिलेलं असतं. तेवढं मात्र मोठ्या अक्षरात स्वतः लिहून घ्या.

पुस्तक म्हणतं ‘दोन तास’. खरे किती धरायचे?

सगळ्यात जास्त सहली या प्रश्नापाशी बिघडतात, म्हणून जरा खोलात जाऊ.

न्यूझीलंडचा मिलफर्ड साउंड घ्या, तोही एक फ्योर्डच. नकाशावर क्वीन्सटाउन आणि मिलफर्ड अगदी शेजारी दिसतात, सरळ रेषेत जेमतेम ७० किलोमीटर. पण मध्ये डोंगररांगा आहेत आणि त्यांतून आरपार जाणारा रस्ता नाही. गाडी दक्षिणेकडे ‘ते अनाऊ’ नावाच्या गावापर्यंत वळसा घालते आणि मग पुन्हा वर चढते. ते ७० चे एका बाजूनं जवळजवळ २९० किलोमीटर होतात. न थांबता चार तास, आणि तेवढेच परत.

आता त्यातला शेवटचा टप्पा, ‘ते अनाऊ’पासून मिलफर्डपर्यंत. सुमारे १२० किलोमीटर, पुस्तकात ‘दोन तास’. हे दोन तास गाडीच्या चाकांचे झाले, माणसांचे नाहीत. एग्लिंटन खोऱ्यात रस्ता अचानक सपाट सोनेरी गवतात येतो आणि दोन्ही बाजूंना उभे कडे दिसतात. तिथे थांबणार नाही असा माणूस मला भेटलेला नाही. वीस मिनिटं. पुढे मिरर लेक्स, तिथली पाटी मुद्दाम उलटी लिहिलेली आहे म्हणजे पाण्यातल्या प्रतिबिंबात ती सुलटी वाचता येते. त्या पाटीचा फोटो प्रत्येकाला हवा असतो. पंधरा मिनिटं. मग होमर बोगदा, १९५४ मध्ये सुरू झालेला, सुमारे १.२ किलोमीटर, आतून उताराचा आणि अरुंद. गर्दीच्या दिवसांत सिग्नल लावून एका वेळी एकाच बाजूची वाहनं सोडतात. लाल दिव्यापाशी थांबलात की केआ नावाचे हिरवे डोंगरी पोपट येतात आणि काचेभोवतीचं रबर चोचीनं उचकटायला लागतात. दहा मिनिटं, आणि रबराचा एक तुकडा. असेच आणखी काही थांबे धरले की दोन तासांचे साडेतीन होतात आणि ते तसे झाले तरच तिथे जाण्यात अर्थ आहे.

याच रस्त्याच्या वर्णनात गाइडबुक आणखी दोन गोष्टी हळूच सांगतं: ‘ते अनाऊ’ला टाकी फुल करा, आणि हिवाळ्यात चाकांना लावायच्या साखळ्या बरोबर ठेवा. अशी वाक्यं परिच्छेदाच्या शेवटी असतात आणि वाचणारा तोवर फोटोकडे वळलेला असतो.

माझा ठोकताळा: घाट किंवा किनारा असेल तर पुस्तकातल्या वेळेची पावणेदोन पट धरा. हायवेला आहे तीच.

मग दिवसाला किती किलोमीटर?

डोंगरात दीडशे. सपाटीला अडीचशे. यापेक्षा जास्त आखलंत तर तो प्रवास झाला, सहल नाही. आकडे वाचताना एकक बघा. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये मैल असतात, म्हणजे १.६ किलोमीटर. आणि नॉर्वे-स्वीडनमध्ये कुणी तोंडी ‘तीन मिल’ सांगितलं तर ते तीस किलोमीटर असतात. तिथला मिल दहा किलोमीटरचा.

कोणत्या दिशेनं फिरावं, यानं खरंच फरक पडतो?

खूप. किनाऱ्याच्या रस्त्यावर पाण्याच्या बाजूची लेन मिळाली तर दृश्याच्या आड समोरून येणाऱ्या गाड्या येत नाहीत, आणि फोटोसाठीच्या जागांवर समोरची वाहतूक न कापता वळता येतं. ऑस्ट्रेलियात वाहतूक डावीकडून, त्यामुळे ग्रेट ओशन रोड टॉर्कीहून पश्चिमेकडे जावा. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात बांधलेला, २४३ किलोमीटरचा हा रस्ता. कॅलिफोर्नियात वाहतूक उजवीकडून आणि समुद्र पश्चिमेला, म्हणून तिथे उत्तरेकडून दक्षिणेला. बेटाला किंवा द्वीपकल्पाला वळसा घालणारा रस्ता असेल तर नियम सोपा आहे: डावीकडून चालणाऱ्या देशात घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, उजवीकडून चालणाऱ्या देशात उलट.

पण आयर्लंडच्या रिंग ऑफ केरीवर हा नियम अडचणीत येतो. १७९ किलोमीटरच्या या फेरीवर पर्यटकांच्या मोठ्या बसेस काट्यांच्या उलट दिशेनं जातात. तुम्ही समुद्राच्या लोभानं काट्यांप्रमाणे गेलात तर अरुंद वळणांवर एकामागून एक बस समोर येते. त्यांच्याच दिशेनं गेलात तर दिवसभर बसचा धूर. पुस्तकं या बाबतीत दोन तट करून भांडतात. माझं मत: बसच्याच दिशेनं जा, पण त्यांच्या तासभर आधी निघा.

सूर्याचाही विचार करा. संध्याकाळी पश्चिमेला तोंड करून घाट उतरणं म्हणजे काचेवर पिवळा पडदा ओढून गाडी चालवणं.

कोणता महिना निवडू?

पुस्तकाच्या सुरुवातीला ‘उत्तम काळ’ म्हणून जे दिलेलं असतं ते संपूर्ण देशाबद्दल असतं. तुम्हाला हवं ते त्या एका घाटाबद्दलचं. ऑस्ट्रियातला ग्रोसग्लोकनर रस्ता, ३६ हेअरपिन वळणं, १९३५ साली खुला झालेला, हिवाळाभर बंद असतो आणि उन्हाळ्यातही रात्री त्याची फाटकं लागतात. इटलीतली २७५७ मीटरवरची स्टेल्वियो खिंड हिवाळ्यात अशीच बर्फाखाली जाते. आइसलँडमध्ये आतल्या भागातले, क्रमांकाआधी ‘एफ’ अक्षर असलेले रस्ते जून उतरताना किंवा जुलैमध्ये उघडतात. मे महिन्यात तिकडे स्वस्तात विमान मिळतं, ते का, हे आता लक्षात आलं असेल.

लायसन्स आणि गाडीबद्दल पुस्तकावर विसंबावं का?

प्राथमिक माहितीपुरतं. आंतरराष्ट्रीय परवाना म्हणजे मूळ लायसन्सचं अधिकृत भाषांतर; मूळ लायसन्स बरोबर नसेल तर त्याचा उपयोग नाही. हे परवाने १९४९ च्या जिनिव्हा आणि १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसार वेगवेगळ्या नमुन्यांत निघतात आणि प्रत्येक देश दोन्ही मानतोच असं नाही. जपानमध्ये १९४९ च्या नमुन्याचाच चालतो. तुमच्या हातातला कोणता, ते त्याच्या मुखपृष्ठावर छापलेलं असतं.

गाडीबाबत, युरोपात बऱ्याच ठिकाणी गिअरची गाडीच गृहीत धरतात. ऑटोमॅटिक हवी असेल तर लवकर बुक करा. ज्यांना उलट्या बाजूनं चालवायचं आहे त्यांनी ऑटोमॅटिकच घ्यावी; डोकं आधीच रस्त्याच्या बाजूत गुंतलेलं असतं, त्यात दुसऱ्या हातानं गिअर शोधायची शिक्षा नको. विम्यातून टायर, काच आणि गाडीचा तळ अनेकदा वगळलेले असतात. आइसलँडच्या ‘एफ’ रस्त्यांवर फोर-व्हील-ड्राइव्हच न्यावी लागते, आणि तिथे वाऱ्यानं दार उलटं फिरून मोडणं हा नेहमीचा अपघात आहे. दार उघडताना एक हात त्याच्यावर ठेवायचा. हे मला एका गाडी भाड्यानं देणाऱ्या काउंटरवर बिल भरताना समजलं. पुस्तकात होतं, पान ३१ वर.

अरुंद रस्त्यांची भीती वाटते. काय वाचून जावं?

‘रस्त्यावरचे शिष्टाचार’ किंवा अशा काहीशा नावाचं प्रकरण असतं, सगळे ते सोडून देतात. तेच आधी वाचा. स्कॉटलंडच्या उत्तरेकडे मैलोन्‌मैल एकच लेन असते आणि मध्ये मध्ये साइड द्यायला फुगवटे. फुगवटा तुमच्या डाव्या हाताला असेल तर आत शिरून थांबायचं, उजवीकडे असेल तर रस्त्याच्या आपल्याच बाजूला त्याच्यासमोर थांबायचं. उजवीकडे घुसायचं नाही. मागून घाईत कुणी येत असेल तर त्यालाही पुढे जाऊ द्यायचं. तिथे गाडी लावून फोटो काढत बसलात तर स्थानिक लोक हॉर्न वाजवत नाहीत, नुसते बघतात. ते जास्त लागतं. बेलाख-ना-बा ही ६२६ मीटरची खिंड मोठ्या कॅरव्हॅन आणि शिकाऊ चालकांनी टाळावी असा फलक पायथ्यालाच आहे. त्याचं ऐका.

आइसलँडमध्ये एकपदरी पुलाआधी पाटी असते, जो आधी पोचेल तो आधी. स्वित्झर्लंडच्या काही घाटांत पिवळ्या पोस्ट बसला अग्रहक्क असतो. वळणावर तिचा तीन सुरांचा भोंगा ऐकू आला की थांबा आणि तिचा चालक सांगेल तसं मागे-पुढे व्हा.

दंड कुठे बसतो?

शहरात. घाटात जपून चालवणारी माणसं इटलीच्या जुन्या गावात शिरताना ‘झेड-टी-एल’ची, म्हणजे परवानगी नसलेल्या गाड्यांना बंदी असलेल्या भागाची, पाटी बघत नाहीत, आणि कॅमेरा नंबर टिपतो. दंडाचं पत्र काही महिन्यांनी येतं, वर गाडी कंपनी स्वतःचं प्रक्रिया शुल्क लावते. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये महामार्गासाठी व्हिन्येट, म्हणजे ठरावीक मुदतीचं शुल्क भरल्याची खूण, लागतं; भाड्याच्या गाडीला ते आहे का, ते किल्ली घेतानाच विचारा. डोंगरातल्या खास रस्त्यांचा टोल त्यात धरलेला नसतो, ग्रोसग्लोकनरचा वेगळा.

पत्ता नसलेल्या जागा कशा शोधायच्या?

चांगलं पुस्तक मैलाचे दगड देतं. अमेरिकेतल्या ब्लू रिज पार्कवेवर, ४६९ मैलांच्या, सगळं जग मैलात मोजतात. ‘मैल ३०४’ म्हटलं की लिन कोव्ह व्हायाडक्ट, डोंगराला धक्का न लावता त्याच्या कुशीतून वळणारा पूल. शेजारच्या सीटवर बसलेल्यानं असे आकडे एका कागदावर क्रमानं उतरवून घ्यावेत. ‘अजून चार मैलांनी, डाव्या हाताला’ असं आधी सांगितलं तर चालवणारा सावकाश थांबतो. ‘अरे ते बघ, गेलं!’ असं सांगितलं तर करकचून ब्रेक.

सगळा वेळ रस्त्यावर नजर. चालवणाऱ्याला काय दिसणार?

प्रामाणिक उत्तर: पुढच्या गाडीचं नंबरप्लेट. म्हणून दोघं चालवणारे असतील तर पुस्तक बघून घाटांची वाटणी आधीच करा. चढ एकाचा, उतार दुसऱ्याचा. एकच चालक असेल तर दर चाळीस मिनिटांनी एक थांबा पुस्तकातून ठरवून ठेवा, तोही इंजिन बंद करून. मागच्या सीटवर कुणाला वळणं लागत असतील तर त्यांना पुढे बसवा आणि पुस्तक त्यांच्या हातात देऊ नका.

पुस्तकात बारा सुंदर रस्ते आहेत, आमच्याकडे नऊ दिवस. कसं बसवायचं?

बसवू नका. चार निवडा. प्रत्येक मुक्काम दोन रात्रींचा ठेवा, म्हणजे एक दिवस सामान गाडीत न भरता फिरता येतं आणि पावसानं एक दिवस खाल्ला तर दुसरा उरतो. उरलेल्या आठ रस्त्यांच्या पानांना दुमड घालून ठेवा, एखादा घाट ऐनवेळी बंद निघाला की त्यातलंच एक पान कामी येतं.

पुस्तक जड आहे. पानं फाडून नेली तर?

खुशाल फाडा. नकाशाचं पान आणि त्यामागचं वर्णन एकत्र स्टेपल करा, फोनमध्ये फोटोही काढून ठेवा, कारण खिंडीत रेंज जाते. फक्त सूची फाडू नका. पाटीवर एखादं अनोळखी गाव दिसलं की पहिल्यांदा तीच उघडावी लागते.